तीन नंबरचा वाल

आमच्या सातवीच्या वर्गात 'चूप' हे एक पद होतं, मॉनिटरपेक्षा मोठं. कॅमेरा सुरू होण्याआधी दोन्ही हात वर करून "चूप!" असं ओरडण्याचा हक्क एकट्या त्या पोराला असे, आणि चाळीस मुलं खरोखर गप्प बसत. मी, त्यांचा मास्तर, ओरडलो असतो तर बसली नसती. त्याच्या खालोखाल मान 'थाळी'ला. थाळी म्हणजे घरून आणलेलं स्टीलचं ताट खिडकीतल्या उन्हात तिरकं धरून वस्तूवर उजेड पाडणारी मुलगी. मग 'हात', कारण आमच्या व्हिडिओत चेहरे नसायचे, फक्त हात आणि वस्तू. मग 'आवाज'. आणि सगळ्यात शेवटी, कुणालाच नको असलेलं पद, 'वही'. जे दिसलं ते रोज लिहायचं, त्याचं चित्र काढायचं. त्यात मजा काय?

मी लिहायला बसलोय ते त्या वहीसाठी. पण आधी मजेचं सांगतो, कारण मजा खरी होती. पुढे माझ्या हातून जे झालं त्यामुळे ती खोटी ठरत नाही.

मी दिल्लीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. बायको केंद्र सरकारच्या एका खात्यात. आर. के. पुरमचं क्वार्टर तिच्या नावावर आहे आणि ही गोष्ट ती मला विसरू देत नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस. वर्गात मी बोलायचो आणि मुलं जांभया द्यायची, हे मला पंधरा वर्षं दिसत होतं. मग माझ्याकडे पहिला बरा कॅमेरा असलेला फोन आला आणि मला वाटलं, मी कशाला बोलू? यांनाच बोलू दे.

शाळेत फोनला बंदी होती. प्राचार्या मॅडमच्या खोलीत मी तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "ठीक है. एक महीना. विंटर ब्रेक से पहले प्रदर्शनी है, बाहर से अफ़सर आएँगे. कुछ दिखना चाहिए. नहीं तो ये फ़ोन-वोन सब बंद."

पहिला व्हिडिओ होता, रोटी का फुगते. कँटीनची शेगडी, तवा, आणि 'हात' म्हणून एक सरदार मुलगा, ज्याला घरी रोट्या लाटायची सवय होती आणि जो हे तोवर सगळ्यांपासून लपवून होता. दोन स्टुलांवर पुस्तकांच्या थप्प्या, त्यांवर आडव्या ठेवलेल्या दोन फूटपट्ट्या, आणि त्यांच्या फटीतून खाली बघणारा माझा फोन. "चूप!" झालं. 'आवाज' सांगायला लागली, "आटे के अंदर पानी है, पानी गरम होकर भाप बनता है..." एवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. आमच्या भागावरून विमानं इतकी खालून जातात की बोलणारा माणूस सवयीने थांबतो आणि मग तेच वाक्य पुढे चालू करतो. पण फोनला ही सवय नव्हती. पुन्हा "चूप!", पुन्हा विमान. चौथ्या वेळी विमान आलं नाही, आणि रोटी फुगली. टम्म! चाळीस मुलं एकदम ओरडली, भाप कुठे गेली नि आवाज कुठे गेला, काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. तर 'चूप'च म्हणाला, "नहीं सर, यही रखिए. यही तो असली है."

तोच ठेवला. पुढे कितीतरी वर्गांना दाखवला. रोटी फुगते त्या क्षणी प्रत्येक वर्ग ओरडतो.

त्या महिनाभरात मी शाळेत जवळजवळ धावत जायचो. मुलं मला गेटवरच गाठायची. "सर, परछाईं पे बनाएँ?" "सर, मेरे नाना का रेडियो खोल दें?" ध्वजाच्या खांबाची सावली आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत खडूने आखली आणि दर पंधरा मिनिटांचा फोटो एकामागोमाग लावला, तर सावली घड्याळाच्या काट्यासारखी फिरली. शेवटच्या बाकावरचा, वर्षभरात एक प्रश्न न विचारलेला मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, तो पृथ्वी सच में घूम रही है क्या?" चाळिशी उलटलेल्या मास्तराला आणखी काय हवं असतं?

प्रदर्शनासाठी ठरलं बी रुजण्याचं. रोज दोन फोटो, आठवड्याचे एकत्र जोडले की बी वीस सेकंदांत कोंब काढणार. कॅमेऱ्यात दिसेल असं मोठं बी हवं होतं. मी घरून कडवे वाल नेले. चांगले टपोरे, कडेला पांढरी रेघ.

"सर, ये कौन-सा राजमा है?"

"सर, ये तो बीमार राजमा है!"

वर्गात एकाच मुलीने ते ओळखले. ती त्याच वर्षी अलिबागकडून आली होती. वडिलांची बदली, लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर. हिंदी अजून अडखळत होती, म्हणून वर्गात बोलायची नाही, आणि म्हणूनच 'वही' तिच्या गळ्यात पडली होती. वाल बघून तिचा चेहरा उजळला. "बिरड्यांचे!" ती मराठीत म्हणाली आणि एकदम लाजली.

काचेच्या बरणीला आतून टीपकागद, कागद आणि काच यांच्यामध्ये पाच वाल, बाहेरून एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या. ती बरणीला नाक लावून बसली. तिने पाचही वाल एकेक करून काढले, पेन्सिलीने, आणि खाली लिहिलं, 'पहला दिन. तीन नंबर का एक कोना टूटा है.' मी तरी तो तुटका कोपरा पाहिला नव्हता. तिने दाखवल्यावर पाहिला. नखाएवढाही नाही, नखाच्या टोकाएवढा.

डिसेंबरचं धुकं, वर्गाच्या खिडकीची एक काच फुटलेली. वाल फुगले आणि तिथेच थांबले. दिवस तिसरा, चौथा, पाचवा. तिच्या वहीत रोज एकच ओळ. 'आज कुछ नहीं हुआ.'

"अरे, कुछ तो लिख यार," 'थाळी' म्हणायची. "दो पत्ते ही लिख दे."

"जब आएँगे तब लिखूँगी."

शनिवारी दोन वालांवर बुरशी दिसली. प्रदर्शन सोमवारी दुपारी.

रविवारी सकाळी मी चहासाठी स्वयंपाकघरात गेलो. दिल्लीच्या थंडीत वालांना मोड आणायचे तर त्यांना ऊब द्यावी लागते, हे आपल्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. बायकोने ओले वाल फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात खुपसले होते, आणि डब्यावर माझा जुना स्वेटर. मी फडकं सोडलं. काय मोड होते! पांढरेशुभ्र, बाकदार. मी विज्ञानाचा मास्तर. सहा दिवस मुलांना थंडीत ठेवलेल्या बरणीकडे बघायला लावत होतो, आणि उत्तर माझ्याच घरात, माझ्याच स्वेटराखाली होतं. तेव्हा हे मुलांना सांगितलं असतं तर तोच व्हिडिओ झाला असता. पण मला व्हिडिओ दिसलाच नाही, मला फक्त सोमवार दिसत होता.

पाच वाल निवडून डबीत घातले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार हुशार वाटलं.

सोमवारी प्रार्थनेआधी वर्गात जाऊन मी जुने वाल काढले, नवे त्याच जागी बसवले. पहिल्या दिवसापासूनचे जवळून घेतलेले फोटो फोनमधून पुसले, लांबचे ठेवले. कारण तीन नंबरचा कोपरा मला आठवत होता. म्हणजे चूक म्हणून नाही, समजून उमजून केलं.

मुलं आली आणि वर्गाचा नुसता जल्लोष झाला. "सर! निकल आया! निकल आया!" सरदार पोरगा बाकावर चढून भांगडा करू लागला. 'चूप' स्वतःच किंचाळत होता. 'थाळी' रडत होती, आनंदाने. मीही हसत होतो. ते हसू नाटकी नव्हतं, हेच आजही मला समजत नाही. मी स्वतः ठेवलेले मोड बघून मला खरा आनंद झाला होता.

अलिबागची ती एकटी बरणीला नाक लावून बसली होती. बराच वेळ. मग वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली, टेबलावर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, मराठीत, "सर, हे आपले वाल नाहीत."

वर्गात मराठी कळणारे आम्ही दोघंच. एरवी ती मराठी बोलायला लाजायची. त्या दिवशी तिने मराठी वापरली ती मला कुणासमोर खाली बघावं लागू नये म्हणून. बारा वर्षांच्या मुलीने मला आडोसा दिला होता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर नव्हे, त्याच क्षणी.

मी हिंदीत उत्तर दिलं, मोठ्याने. "क्या मतलब हमारे नहीं हैं? सबके सामने बताओ."

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती वळली आणि अडखळत म्हणाली, "तीन नंबर... का कोना टूटा था. ये पूरा है."

"दिखाओ कॉपी." मी वही घेतली. लाल पेन खिशात होतंच. तिच्या त्या बिनचूक चित्रावर मी आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'ध्यान से देखो.'

मागून कुणीतरी म्हणालं, "चश्मा लगवा ले!" सगळे हसले. मी हसणाऱ्याला ओरडलो नाही.

प्रदर्शन गाजलं. पाहुण्या अधिकाऱ्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला. फोनवरची बंदी उठली. पुढे इतर शाळांतल्या शिक्षकांना शिकवायला मला बोलावू लागले, आणि तिथे माझा आवडता विषय होता, मुलांना निरीक्षण कसं शिकवावं.

तिने दुसऱ्या दिवशी वहीचं काम परत केलं. "दुसऱ्या कुणाला द्या, सर." भांडली नाही, घरी तक्रार केली नाही. फक्त एक सवय लागली तिला. सूक्ष्मदर्शकातून काही बघितलं की शेजारणीला विचारायची, "तुझे भी ऐसा ही दिख रहा है?" तिने होय म्हटलं की मगच काढायची. वर्षाच्या अखेरीपर्यंत मी ते दर आठवड्याला ऐकलं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत उन्हाळा आला आणि वडिलांची बदली होऊन ती गेली. सरकारी वसाहतीत माणसं अशीच जातात. ट्रक येतो, गाद्या चढतात, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच गॅलरीत दुसऱ्यांचे टॉवेल.

अकरा वर्षं मी हे कुणालाही बोललो नाही. बायकोलाही नाही.

या डिसेंबरात सातवीनेच विषय काढला. बी रुजण्याचा. मी अकरा वर्षं तो टाळत आलो होतो, पण यांनी बरणी आधीच भरून ठेवली होती. वर्गात आता कॅमेरे मुलांचे, माझ्या फोनला कुणी विचारत नाही. पण धुकं तेच. चौथ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची, कॅमेऱ्याची मुख्य असलेली मुलगी म्हणाली, "सर, टेंशन मत लीजिए. घर से उगे हुए ले आते हैं. किसको पता चलेगा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पता चलता है."

"कैसे, सर?"

"मैंने किया था."

मग सगळं सांगितलं. खुर्चीवर बसून, टेबलाकडे बघत. लाल रेघेपर्यंत. वर्ग इतका शांत कुठल्याच 'चूप'ने केला नसेल. मला वाटलं, संपलं, आता ही मुलं माझ्यावर कधी विश्वास ठेवणार नाहीत. तेवढ्यात दोन वेण्या उठून उभ्या राहिल्या.

"सर! यही तो वीडियो है!"

"क्या?"

"यही! बीज क्यों नहीं उगा, और सर ने क्या किया!"

आणि वर्ग फुटला. कुणी म्हणे दोन बरण्या करू, एक थंडीत, एक उबेत. कुणी कँटीनच्या फ्रिजमागची जागा सुचवली, तिथे गरम असतं. कुणी धावत जाऊन थर्मामीटर घेऊन आलं. मी म्हटलं, माझ्या घरी वाल आहेत. मागून लगेच, "सर, इस बार कच्चे वाले लाना!" वर्ग खो खो हसला. मीही हसलो, अकरा वर्षांत या विषयावर पहिल्यांदा.

उबेतल्या बरणीत चौथ्या दिवशी कोंब आले. थंडीतली तशीच बसून. आता राहिला माझा भाग. मुलांनी मला फळ्यासमोर उभं केलं. चेहरा दिसणार नाही हा आमचा जुना नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला.

"चूप! ऐक्शन!"

"मैंने बीज बदल दिए थे और एक बच्ची..." विमान.

"कट! सर, फिर से."

"मैंने बीज बदल दिए थे..."

"कट! सर, नीचे मत देखिए. ज़मीन को थोड़ी बता रहे हैं."

पाप एकदा कबूल करणं कठीण म्हणतात. मी ते सात वेळा केलं. तिसऱ्या वेळी विमान, चौथ्या वेळी शिपाई, पाचव्या वेळी थाळी पडली. सहाव्या वेळी मीच अडखळलो आणि दोन वेण्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. सातव्या वेळी मी कॅमेऱ्यात बघून म्हणालो, "उसने ठीक देखा था. मैंने झूठ बोला था." "ओके!" सगळे ओरडले आणि टाळ्या वाजल्या. कबुलीला टाळ्या! मला कुठे बघावं कळेना.

त्या संध्याकाळी बायकोला व्हिडिओ दाखवला. तिने तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाली, "अच्छा. म्हणजे माझ्या क्वार्टरमध्ये राहून, माझेच वाल चोरून, त्या पोरीला खोटं पाडलंत?"

"हो."

"आणि त्या दिवशीची उसळ चाटूनपुसून खाल्लीत."

"हो."

"नंबर मी मिळवते," ती म्हणाली.

तिने ऑफिसात चौकशी केली, दोन फोन केले, आणि तिसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांकडून नंबर आला. मी व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं, 'मी तुझा सातवीचा सर. तू बरोबर होतीस.' एवढंच. दोन दिवस काही नाही. तिने बघितल्याची खूण आली होती, उत्तर नव्हतं. मी वर्गात शिकवत होतो पण लक्ष खिशात होतं.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उत्तर आलं. तिचं लिहिणं अजून तसंच, मोजकं.

'सर, व्हिडिओ तीनदा पाहिला. तेव्हा मला वाटलं होतं माझे डोळे खराब झाले. बाबांनी डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठीक निघाले, तरी मला पटलं नव्हतं. पुष्कळ वर्षं पटलं नाही. वही आईने ठेवली आहे. चित्राचा फोटो पाठवते.'

खाली फोटो. पाच वाल, तिसऱ्याचा कोपरा तुटका, आणि आरपार माझी लाल रेघ. त्या प्रयोगाचा मी सगळा पुरावा पुसला होता. उरला होता तो एवढाच.

माफ केलं असं तिने लिहिलं नव्हतं. मी वर-खाली करून शोधलं. त्याऐवजी शेवटी एक ओळ होती.

'आणि सर, उबेतल्या बरणीत सहा वाल आहेत, थंडीतल्या बरणीत पाच. एक मिनिट दहा सेकंदावर थांबवून मोजा. अशी तुलना चालत नाही.'

तिने कुणाला विचारलं नव्हतं, तुलाही असंच दिसतंय का म्हणून.

मी जिन्यावरून अक्षरशः पळत वर्गात गेलो. धापा टाकत सांगितलं. "नामुमकिन!" दोन वेण्या म्हणाल्या. व्हिडिओ भिंतीवर लावला, एक मिनिट दहावर थांबवला, आणि सबंध वर्ग बोटं नाचवत मोजायला लागला. एक, दो, तीन, चार, पाँच... टीपकागदाच्या घडीत, अर्धा लपलेला, सहावा!

"अरे यार! किसने डाला?"

"दीदी ने पकड़ लिया!"

"सर, दीदी को टीम में ले लो!"

"रीशूट! रीशूट!"

दोन्ही बरण्या रिकाम्या झाल्या. नवे वाल मोजून घेतले, पाच आणि पाच, आणि या वेळी दोघांनी वेगवेगळे मोजले. व्हिडिओच्या सुरुवातीला तिच्या वहीचा फोटो लावायचा ठरलं. फोटो भिंतीवर मोठा झाला तसा पुढच्या बाकावरचा एक मुलगा जवळ जाऊन लाल रेघेवर बोट फिरवू लागला.

"सर, ये किसने काटा?"

कॅमेरा चालू होता, कुणी बंद करायला सांगितलं नाही.

"मैंने," मी म्हणालो.

विमान आलं नाही. पहिल्याच वेळी ओके झालं.